जिंकल्या-हरल्या हारांचा गुलकंद

त्या दुष्काळी साली वडवणीकडच्या एका गावात प्यायला पाणी नव्हतं, पण सोसायटीच्या निवडणुकीला गुलाबाचे हार टेम्पोनं आले. आबासाहेब चेअरमन झाले. हारांच्या वजनानं मान अवघडली तशी त्यांनी ते सोसायटीच्या ओट्यावर टाकले आणि मिरवणुकीत निघून गेले. पडलेल्या राधाकिशननंही निवडून येणारच म्हणून हार आणून ठेवले होते. ते नजरेला पडले की तो ताटावरून उठायचा. शेवटी त्याच्या बायकोनं, वत्सलाबाईनं, ते शेजारच्या केशरबाईच्या पदरात घातले.

केशरबाईला काही वाया जाताना बघवत नसे. तिनं ओट्यावरचेही हार गोळा केले, दोरे नि जरी सोडवली, पायाखाली आलेल्या पाकळ्या टाकल्या, बाकीच्या ओल्या फडक्यानं पुसून साखरेत चुरल्या.

"अगं, लोक काय म्हनतील?" नवरा गहिनीनाथ कुरकुरला.

"खातील आन गप बसतील."

बरणी पत्र्यावर चढली. ऊन तेवढं त्या साली भरपूर होतं.

गुलकंद मुरला, पण आळीत पाण्याचा ठणठणाट झाला. सोसायटीचा टँकर होता आबासाहेबांच्या ताब्यात, पाणी होतं फक्त राधाकिशनच्या विहिरीत, आणि दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. भाषणं करून आबासाहेबांचं तोंड आलं होतं, तर राधाकिशनचं पित्त निकालापासून खवळलेलं. केशरबाईनं दोघांनाही औषध घ्यायला बोलावलं. दुसरा येणार हे मात्र सांगितलं नाही.

दोघं ओसरीवर पाठ फिरवून बसले. पहिला चमचा गेला. दोघांचेही डोळे मिटले.

"झ्याक हाय!" आबासाहेब म्हणाले. "ह्या दुष्काळात गुलाब कुठले, केशरबाई?"

"निम्मे तुमच्या गळ्यातले, निम्मे राधाकिशनभाऊच्या घरातले."

राधाकिशन ताडकन वळला. "म्हंजे माझा हार ह्याच्या पोटात?"

"आन माझा तुझ्या!"

"तरीच कडू लागतंय!"

"मग चमचा कामून चाटून पुसला रं?"

गहिनीनाथला हसू आवरेना. तो उठून गोठ्यात गेला. केशरबाईनं मात्र बरणी मांडीवर ओढून झाकण लावलं.

"दुसरा चमचा आळीला पानी आल्यावर."

"मी विहीर देतो, पन ह्यानं आदी मागावी."

"टँकर देतो, पन ह्यानं आदी बोलवावा."

"मीच मागते, मीच बोलावते," केशरबाई म्हणाली. "तुमी फकस्त हूं म्हना."

दोघांनी बरणीकडे बघत हूं म्हटलं.

सकाळी विहिरीवर भरून टँकर आळीत आला. पाइप कोणी धरायचा यावरून दोघांची पुन्हा जुंपली, आणि त्या ओढाताणीत दोघंही नखशिखान्त भिजले. "अवो, पानी सांडतंय!" म्हणून बाया ओरडल्या. केशरबाईनं पाइप हिसकून घेतला आणि आधी आपली घागर भरली.