हूक्सेमाबाईंचे तीन गुण

एकटेपणा मोजायला बारा प्रश्न पुरतात, असं आमच्या प्राध्यापिका लिडेवायबाईंचं मत. या मतावर यायला त्यांना चार वर्षं, सहा तज्ज्ञ आणि समुद्रकाठच्या हॉटेलातल्या दोन परिषदा लागल्या. त्या सहांपैकी एकही जण एकटा राहत नव्हता. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी जायला त्यांनी मला नेमलं. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटलं तरी खाली शेळ्यांजवळ कोणीतरी लागतोच.

मी सीत्से, वय छप्पन्न. पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचो. मुलं कमी झाली, शाळा बंद पडली आणि मी या संस्थेत लागलो. काम सोपं होतं. सायकलीवर किंवा बसने गावोगाव जायचं, बारा प्रश्न विचारायचे आणि 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंतच्या पाच चौकटींपैकी एकीत खूण करायची, चौकटीप्रमाणे शून्य ते चार गुण. दोन आठवड्यांनी त्याच माणसाला तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. उत्तरं सारखी आली, की प्रश्नावली भरवशाची. मधल्या काळात त्या माणसाशी ओळख वाढवायची नाही, हा नियम क्रमांक सात. एकटेपणा मोजता मोजता चुकून कमी झाला तर काय घ्या!

ही सगळी खटपट नगरपालिकेसाठी होती. ज्यांचे गुण पंधरा किंवा त्याहून जास्त, त्यांच्याकडे पुढच्या वर्षापासून दर बुधवारी एक माणूस कॉफी प्यायला पाठवणार होते. चौदा असतील तर तुमची कॉफी तुम्हीच प्या. सरावासाठी ती प्रश्नावली मीही एकदा भरली होती. माझे किती गुण आले ते इथं सांगायचं कारण नाही.

हूक्सेमाबाईंचं घर ग्रोनिंगन शहराच्या उत्तरेला, समुद्राच्या बांधालगत. वय चौऱ्याऐंशी. मी कोट काढायच्या आतच त्यांनी विचारलं, "किती मार्कांना पास?"

"बाई, ही परीक्षा नाही."

"परीक्षा घेणारे सगळे असंच म्हणतात. बसा."

त्यांनी कॉफी ओतली, बिस्किटांचा डबा पुढे केला, मी एक बिस्कीट घेतलं आणि झाकण टप्पकन बंद झालं. आमच्याकडे पाहुण्याला एकच बिस्कीट असतं.

पहिला प्रश्न आयुष्य समाधानाचं वाटतं का, असा होता. बाई म्हणाल्या, "याहून वाईट असू शकलं असतं." आता आमच्या भागात ही स्तुतीची परमावधी आहे. लग्नाच्या दिवशी नवरीला विचारलंत तरी ती दुसरं काही बोलणार नाही. पण सूचनापुस्तक लिहिणारे विद्वान ॲमस्टरडॅमचे. त्यांनी या उत्तराला मधली चौकट नेमून दिली होती. म्हणजे सुखाच्या शिखरावर बसलेल्या बाईंना माझ्या हातून दोन गुण एकटेपणाचे मिळाले.

पुढची उत्तरं मात्र स्वच्छ. आपलं कोणी नाही असं वाटतं का? कधीच नाही. बोलायला माणूस नाही असं वाटतं का? कधीच नाही. बाई पाठ ताठ ठेवून पाढे म्हणावेत तशी उत्तरं देत होत्या. नवव्या प्रश्नाला त्या थांबल्या. "माणसांची उणीव भासते का?" त्यांनी खिडकीतून जरा वेळ बांधाकडे पाहिलं. "क्वचित," त्या म्हणाल्या. "एकच गुण लिहा हं त्याचा."

एकूण तीन.

"जन्मतारीख?"

"नऊ मार्च. तुमची?"

"माझी फॉर्मात लागत नाही, बाई."

"फॉर्मात नसेल लागत. मला लागते."

"एकवीस नोव्हेंबर," मी म्हणालो आणि विचारलं, "संडास कुठंय?"

आमच्याकडे वर्षानुवर्षं तेच चालणारं वाढदिवसांचं कॅलेंडर संडासातच टांगतात. निवांत बसलेला माणूस कोणाचा वाढदिवस विसरत नाही. माझ्या घरीही आहे, बायकोच्या अक्षरातलं. जाताना तिनं सोफा नेला, कॅलेंडर ठेवलं. हूक्सेमाबाईंचं कॅलेंडर बारीक अक्षरात गच्च भरलेलं होतं, आणि प्रत्येक नावावर पट्टीनं आखलेली सरळ रेघ होती. शेजारी छोटासा क्रूस आणि साल. मी जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत सगळी पानं उलटली. रेघ नसलेलं नाव एकच सापडलं, नऊ मार्चला. स्वतःच्या कॅलेंडरवर कोणी स्वतःचं नाव लिहितं का? मला तिथं उभं राहवेना.

दोन आठवड्यांनी पुन्हा गेलो. "परत तेच प्रश्न कशाला?" बाईंनी विचारलं. "उत्तरं सारखी येतात का ते बघायला," मी सांगून टाकलं. हे सांगायचं नाही, असा नियम क्रमांक नऊ. बाईंनी मान डोलावली आणि तीच उत्तरं दिली. नवव्या प्रश्नाला तितकाच वेळ खिडकीकडे पाहिलं. तीन गुण.

लिडेवायबाई हरखून गेल्या. "दोन्ही वेळा तीन! काय भरवशाच्या बाई आहेत!"

"त्या खोटं बोलतायत."

"दोन्ही वेळा सारखंच बोलल्या ना?"

"सारखंच खोटं बोलल्या."

"मग झालं तर."

मी तिथंच, बैठकीत सगळ्या तज्ज्ञांसमोर, तेरावा प्रश्न सुचवला. तुमच्या संडासातल्या कॅलेंडरवरची किती माणसं हयात आहेत? रायनाऊट नावाच्या तज्ज्ञानं तोंडाजवळ नेलेला कप खाली ठेवला. "संडासातल्या?" पण माझी कटकट थांबावी म्हणून लिडेवायबाईंनी चाळीस जणांवर तो प्रश्न लावून पाहायची परवानगी दिली.

मी चाळीस संडास पाहिले. पहिला सोडून सगळ्या प्रश्नांना 'कधीच नाही' म्हणणाऱ्या बऱ्याच घरांत कॅलेंडरभर रेघा होत्या. हिशेब करणाऱ्या यंत्रानं निकाल दिला, तेरावा प्रश्न बाकीच्यांशी जुळत नाही.

"वाईट प्रश्न आहे, काढून टाका," लिडेवायबाई म्हणाल्या.

"आणि बाकीचे बारा चुकत असतील तर?"

"बारांचं एकमत आहे, सीत्से. एकटा तुमचाच प्रश्न वेगळा पडतोय."

तेही खरंच. एका माळेचे बारा मणी, तिथं तेराव्याला कोण विचारतो! प्रश्न उडवला. प्रश्नावली सिद्ध झाली म्हणून केक कापला, आणि लाज सोडून मीही खाल्ला. नगरपालिकेकडे यादी गेली. हूक्सेमाबाई, गुण तीन, गरज नाही.

त्या केकची चव आठवडाभर तोंडातून जाईना. बुधवारी मी फॉर्म न घेता बस पकडली.

बाईंनी दार उघडलं. "पुन्हा? मागच्या वेळी माझं काही चुकलं का?"

"नाही, बाई. आज फॉर्म नाही."

"मग कशाला आलात?"

छप्पन्न वर्षांच्या माणसाला याचं सरळ उत्तर देता येऊ नये, याचा मला रागच आला. "संडासला जायचं होतं," मी म्हणालो.

"सव्वीस किलोमीटर लांब?"

"हो."

त्या बाजूला झाल्या. आता आलोच होतो तर जाणं भाग होतं. मी आत गेलो आणि सवयीनं कॅलेंडर उलटलं. नोव्हेंबर. वर रेघा, खाली रेघा, आणि मध्ये एकवीस तारखेला बारीक अक्षरात 'सीत्से'. पेननं लिहिलेलं. मी किती वेळ तिथं उभा होतो कोणास ठाऊक. बाईंनी बाहेरून विचारलं, "बरं आहे ना?"

बाहेर येऊन मी म्हणालो, "कधी लिहिलंत?"

"पहिल्या वेळी. तुम्ही गेल्यावर लगेच."

"मग दुसऱ्या वेळी तरी खरं का नाही सांगितलंत?"

"उत्तरं सारखी यायला हवी होती ना? तुमचं काम बिघडलं असतं."

"आणि पहिल्या वेळी?"

"पहिल्या वेळी तुम्ही परके होतात. परक्यापुढे कोणी असलं बोलतं का?"

त्यांनी कॉफी ओतली. मी घसा साफ करून विचारलं, "मी असा बुधवारचा आलो तर चालेल?"

"याहून वाईट असू शकलं असतं," त्या म्हणाल्या. मधली चौकट नेमणाऱ्या त्या विद्वानाला त्या क्षणी तिथं आणून उभं करायला हवं होतं.

मग त्यांनी डबा पुढे केला. मी एक बिस्कीट घेतलं.

"तुम्हीही भरला असेल ना तो फॉर्म? किती आले तुमचे?"

"तीन," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"खोटारडा कुठला. घे अजून एक," त्या म्हणाल्या, आणि झाकण त्यांनी टेबलावर उलटं ठेवलं.