घराबाहेर : चार

मी शहराच्या आकडेवारी कार्यालयात मृत्यूंच्या टेबलावर बसतो. म्हणजे कुणी गेलं की त्याचा अर्ज माझ्याकडे येतो आणि मी त्याला योग्य त्या रकान्यात बसवतो. काम शांत आहे. तक्रार घेऊन कुणी येत नाही.

या टेबलावर बसून मला एक गोष्ट कळली, जी बाकी कुणाला समजून घ्यायची नव्हती. गेल्या वर्षी आमच्या शहरात घरातल्या घरात पडून एकेचाळीस माणसं गेली. गाड्यांचे अपघात सोडले, तर घराबाहेर इजा होऊन गेली तीन. एकजण बागेच्या पायऱ्यांवरून घसरला, एकाच्या डोक्यात फांदी पडली आणि एकाला खरोखर सुरा लागला, तोही साडूचा. बातम्यांत मात्र वर्षभर तो एकच सुरा फिरत होता आणि रस्त्यावर पाऊल टाकायची सोय राहिली नाही, असं मंत्री उठता-बसता सांगत होते.

बाबांनी ते मनावर घेतलं. तीस वर्षं त्यांनी बस चालवून अख्खं शहर फिरवलं होतं. निवृत्त झाले आणि दोन वर्षं उंबऱ्याबाहेर पडले नाहीत. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, म्हणून हॉल ते स्वयंपाकघर अशा रोज चाळीस फेऱ्या मारायचे. ओट्यापाशी पोचले की "शेवटचा थांबा, उतरून घ्या" म्हणायचे, आणि आई हातातलं काम न सोडता एक पाऊल बाजूला होऊन उतरायची. दाराला आधी एक कडी होती. मग दोन झाल्या. मग तीन.

मला त्यांना फक्त खालच्या बागेपर्यंत न्यायचं होतं. तक्ता छापून घरी आणला आणि म्हटलं, बाहेर तीन, घरात एकेचाळीस, जीव प्यारा असेल तर बाहेर चला. त्यांनी चष्मा लावून तक्ता तळटिपेसकट वाचला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "सगळे माझ्यासारखे घरात बसतात, म्हणून तर बाहेर तीनच."

यावर आकडेवारीकडे उत्तर नाही. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात विचारून पाहिलं.

वर्षाच्या शेवटच्या महिन्यात, एका मंगळवारी मी कामावर असताना, बाबा स्टुलावर चढून चौथी कडी बसवायला गेले आणि पडले. तेवढ्यावर संपलं.

मला पाच दिवस रजा मिळाली. नेमकं कसं झालं ते मी आईला विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. आम्ही जेवत होतो, झोपत होतो, टीव्ही चालू होता. सहाव्या दिवशी मी कामावर गेलो आणि अकराच्या सुमारास बाबा माझ्या टेबलावर आले. हॉस्पिटलने अर्ज व्यवस्थित भरला होता, फक्त सातवा रकाना कोरा होता. पडण्याची जागा : घरात की घराबाहेर. यंदाचे आकडेही तोवर एकेचाळीस आणि तीनच होते. लोक फार शिस्तीत मरतात.

रकाना कोरा असला की माहिती देणाऱ्याला फोन करायचा, असा नियम आहे. माहिती देणारी : पत्नी. मी अर्ज घेऊन वरिष्ठ बाईंकडे गेलो. त्यांना आम्ही दशांश मॅडम म्हणतो, कारण त्या कशाचाच पूर्णांक होऊ देत नाहीत. त्यांनी नियमावली पहिल्या पानापासून चाळली आणि म्हणाल्या, की नातेवाइकाने फोन करू नये असं कुठे लिहिलेलं नाही. नियम करणाऱ्याला सुचलं नसावं. दुसरी कारकून बाळंतपणाच्या रजेवर होती. मीच फोन लावला.

"नमस्कार. आकडेवारी कार्यालयातून बोलतोय."

"अरे, तू आहेस ना?" आई म्हणाली.

"हो. पण कार्यालयातून."

"मग अहो म्हणू का?"

मी म्हटलं, म्हण, फोन रेकॉर्ड होतो. मग तिने सगळं क्रमाने सांगितलं. कडी चौकटीवर बसवायची म्हणून दार सताड उघडं होतं. स्टूल उंबऱ्याच्या आत होतं. पहिला स्क्रू बसला. दुसऱ्याला जोर लावताना ते बाहेरच्या बाजूला कलले आणि शेजाऱ्यांच्या पायपुसण्यावर जाऊन पडले. पडायला सुरुवात कुठे झाली, असं मी विचारलं, कारण नियमात सुरुवात धरतात, शेवट नाही. आत, ती म्हणाली. मी पेन टेकवलं. बेचाळीस.

"अहो साहेब," ती म्हणाली, "बाहेर लिहा."

"आई, स्टूल आत होतं."

"स्टूल आतच राहिलं. ते गेले बाहेर. दोन वर्षांत पहिल्यांदा." मग साहेब विसरली. "एवढं लिही रे."

सहा वर्षांत माझा एकही रकाना चुकला नव्हता. आकडा खोटं बोलत नाही, हे मी घरी, लग्नांत, केस कापणाऱ्याच्या खुर्चीत बसून सगळ्यांना इतकं ऐकवलं होतं, की लोक मला बघून रस्ता बदलायचे. समोर दशांश मॅडम पेन्सिलीला टोक करत होत्या. मी 'घराबाहेर'वर खूण केली.

पुढच्या महिन्यात तक्ता जाहीर झाला आणि संध्याकाळच्या बातम्यांत मंत्री आले. घराबाहेरच्या मृत्यूंमध्ये एका वर्षात तेहतीस टक्के वाढ, ते म्हणाले. घरातल्या एकेचाळीसांबद्दल कुणी विचारलं नाही. मागे पडद्यावर तोच जुना सुरा होता.

आईने आवाज वाढवला.

"तेहतीस टक्के म्हणजे किती रे?"

"बाबा," मी म्हणालो.

तिने मान हलवली. बातम्या संपेपर्यंत बसली, मग उठून दाराशी गेली आणि तिन्ही कड्या लावल्या. चौथी एका स्क्रूवर लोंबत होती, तीही सरळ केली. मी विचारलं, उद्या खालच्या बागेपर्यंत येतेस का माझ्याबरोबर.

"वेड लागलंय का तुला," ती म्हणाली. "तेहतीस टक्के."