देवक बसेपर्यंत

दुपारचे पावणेतीन वाजले होते आणि मनस्विनी ठोसर तिसऱ्यांदा उठून खिडकीशी गेली होती. खिडकीतून बघण्यासारखं काही नव्हतं. खाली रसवंती, पलीकडे उन्हात उभ्या रिक्षा, एक कुत्रं. पण टेबलाशी बसलं की हात उगाच कागद इकडचे तिकडे करू लागत आणि पाच मिनिटांत तिला उठावंसंच वाटे. वडील जाऊन बेचाळीस दिवस झाले होते.

दत्तात्रेय ठोसरांनी दैनिक ‘गलबत’ छत्तीस वर्षं चालवलं. शेवटच्या वर्षी आठ पानांचं चार पानी झालं, आणि बाकी सगळा अंक वेबसाइटवर आणि मोबाइलवर गेला. बातमीच्या पहिल्या दोन ओळी कुणालाही दिसत. त्याखाली कुलपाचं चित्र आणि ‘पुढे वाचण्यासाठी सभासद व्हा’. पुण्याला एका प्रकाशनात पुस्तकांचं संपादन करणारी मनस्विनी वडिलांचे दिवस करायला आली ती इथेच राहिली. किती दिवस, ते तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनेही स्वतःला विचारलं नव्हतं.

“संपादकबाई, बसा की जरा,” मुकुल म्हणाला. “तुमच्या फेऱ्यांनी माझी ओळ चुकते.” मुकुल चाळिशीचा. वीस वर्षं तो छपाईची पानं लावत होता. आता वेबसाइटचं सगळं तोच बघे, आणि अंगावर पडलेलं नवं काम कुरकुरत पण चोख करी.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि देवदत्त घैसास वर आले. कालचाच शर्ट, दाढी वाढलेली. मनस्विनीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं.

“बाई गेल्या?”

“सव्वाअकराला.” ते दारातच उभे राहिले. “झोपेतच म्हणायची. सहाला हलवणार आहोत.”

कुसुमबाई घैसास त्यांच्या आई. मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं त्यांनी भूमिती शिकवली. मनस्विनीलाही आठवीत त्याच होत्या. वर्गात कधी आवाज चढला नाही. चुकलेल्या आकृतीवर नुसतं बोट ठेवत आणि वाट बघत. मनस्विनीने कागद ओढला. हात नको तितक्या लगबगीने लिहू लागला. नाव, वय चौऱ्याऐंशी, अंत्यसंस्कार सायंकाळी सहा वाजता.

“पंधरा मिनिटांत वेबसाइटवर येईल, काका. तुम्ही बसा. पाणी घ्या.”

“थांब,” देवदत्त म्हणाले. “एक विनंती आहे. तुमच्यात ते कुलूप असतं ना? ते हवंय मला.”

मुकुल वळून बघायला लागला. “काका, इथे लोक कुलूप काढा म्हणून भांडायला येतात. लावा म्हणणारे तुम्ही पहिलेच.”

देवदत्त खुर्चीच्या कडेवर टेकले. मुरुडचे विठूकाका त्यांचे भाऊबंद. दापोलीजवळच्या मुरुडचे, आजोबांच्या सख्ख्या भावाच्या घरातले. त्यांच्या सानिकाचं उद्या सकाळी लग्न. ही बातमी विठूकाकांच्या कानावर गेली की घरात दहा दिवसांचं सुतक, म्हणजे लग्न पुढे. आणि पुढे म्हणजे किती पुढे? नवरा बोटीवर नोकरीला. सोमवारी त्याला बोट धरायची आहे, मग आठ महिने तो दर्यावर.

“उद्या साडेआठला देवक बसतंय,” ते म्हणाले. “नांदी झाली की मग सुतक आड येत नाही, भटजींना विचारलंय मी. आणि मुळात कळलंच नाही तर सुतकच नाही. म्हणून साडेआठपर्यंत मुरुडात कळता नये. एवढंच.”

“मग बातमी उद्याच देऊ. आज नकोच.”

“आणि आईच्या शाळेतल्या मुली?” देवदत्तांचा आवाज पहिल्यांदा हलला. “चार दिवस तोंडात दुसरं काही नव्हतं तिच्या. ‘माझ्या मुलींना कळवा.’ मला कुठे माहीत आहेत त्यांचे नंबर? निम्म्या गावात आहेत, निम्म्यांची नावं बदललेली. त्या तुझा पेपर मोबाइलवर बघतात. कुलूप लाव म्हणजे गावातल्या सभासदांना दिसेल, विठूकाकांना दिसणार नाही. ते कसले पैसे भरतायत!”

मुकुलने चाळून पाहिलं. “मुरुडात आपले तीन सभासद. त्यात घैसास कोणी नाही.”

“बघ!”

“पण काका, त्या तिघांतल्या कुणी फोटो काढून पुढे पाठवला तर? कुलपातून फोटो निघतो हो.”

“निघेल. माहितेय मला. निदान मी माझ्या हाताने पाठवला, असं तरी होणार नाही.” त्यांनी कपाळ पुसलं. “तुझ्या बाबांच्या वेळी मी आलोच नसतो गो. आज सांगितलं, उद्या छापून आलं, पहाटेच्या एसटीवर गठ्ठा टाकला, दापोलीत साडेनऊ, मुरुडात पोचेपर्यंत अकरा. तोवर अक्षता पडून जेवणं चालू झाली असती. कुणी काही लपवायला नको होतं. रस्ताच लांब होता.”

मनस्विनी उठली. पुन्हा खिडकीपर्यंत गेली आणि परत आली.

“निधनाच्या पानाला कुलूप नाही,” ती म्हणाली. “मी आल्यावर पहिलं काम ते केलंय.”

मुकुल मान खाली घालून कीबोर्ड पुसायला लागला. त्या पानाला कुलूप त्यानेच लावलं होतं. मुद्दाम नव्हे. सभासद योजना सुरू करताना ‘सर्व पाने’ या चौकोनात खूण केली, आणि दुसऱ्या पानावरच्या निधनवार्ता या घरात कधीच पैशाच्या नसतात, हे त्याला कुणी वेगळं सांगितलं नाही. सांगायची गोष्टच वाटली नव्हती ती कुणाला. योजना एक तारखेला सुरू झाली. दत्तात्रेय ठोसर चार तारखेला गेले.

मनस्विनी त्या दिवशी पुण्याहून एसटीने निघाली होती. ‘बाबांना अ‍ॅडमिट केलंय, ये’ एवढंच तिला आतेभावाने कळवलं होतं. कराडच्या पुढे मोबाइल वाजला. ‘गलबत’चे संस्थापक-संपादक दत्तात्रेय ठोसर यांचे निधन. खाली दोन ओळी, जन्म मालगुंडचा, शिक्षण अमुक, आणि दुसरी ओळ अर्ध्यावर तोडून कुलूप. कधी गेले, कशाने गेले, कोण होतं जवळ, ते सगळं कुलपाच्या आत. ती सभासद नव्हती. वडिलांच्या पेपरला मुलीने पैसे भरायचे असतात हे तिला सुचलंच नव्हतं. घाटात शिरेपर्यंत ती पैसे भरायचा प्रयत्न करत राहिली. ते गोल गोल फिरत राहिलं. शेजारच्या बाईने विचारलं, रीचार्ज संपलाय का? ती हो म्हणाली.

हे तिने मुकुलला एकदाच सांगितलं होतं, तेही पान उघडं कर म्हणून सांगताना. त्याने एका शब्दाने स्वतःचा बचाव केला नाही. तेव्हापासून दोघांत तो विषय नव्हता.

“बाईंच्या सगळ्या मुली सभासद आहेत असं वाटतं तुम्हाला?” तिने विचारलं. आवाज हवा त्यापेक्षा टोकदार आला. “सोनूबाई बाजारात मासळी घेऊन बसते. तिची फी बाईंनी भरली दोन वर्षं. ती कुठून पैसे भरून वाचणार?”

“सोनूला सांगून आलो. बाजारातूनच आलो मी. टोपली तशीच टाकून गेली आमच्या घरी, आईकडे.” देवदत्तांनी हात जोडल्यासारखे केले आणि मग ते बरं दिसत नाही म्हणून गुडघ्यांवर ठेवले. “मनस्विनी, आईला विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती? पोरीचं लग्न होऊ दे, हेच ना?”

हेच म्हणाल्या असत्या. त्यात वादाला जागा नव्हती, आणि तेच तिला सहन होत नव्हतं. घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. सहाला जाणाऱ्यांना आत्ता कळायला हवं.

“मुकुल, कुलूप लावलं तरी पहिल्या दोन ओळी दिसणार.”

“आणि मथळा.”

“अलर्ट जाऊ देऊ नकोस.”

“तो बंदच ठेवतो.”

तिने लिहिलेला कागद उलटा केला आणि मागे नवा मथळा लिहिला. मुलींच्या शाळेच्या माजी विद्यार्थिनींसाठी निरोप. खाली: १९६५ ते १९९९ या काळात ज्या शिकल्या, त्यांनी पुढचा मजकूर आजच, सायंकाळच्या आत वाचावा आणि एकमेकींना तोंडी सांगावा.

मुकुलने वाचलं. “स्नेहसंमेलन वाटेल लोकांना.”

“वाटू दे.”

“‘तोंडी’ला काळं करतो, जाड. नाहीतर फॉरवर्ड करून मोकळ्या होतील.”

देवदत्तांचे डोळे मिटले होते. मग एकदम लेक आठवल्यासारखं म्हणाले, “उर्वीला तरी हे आत्ता दिसणार नाही ना? तीही सभासद नाही. बरंच झालं ते.”

मनस्विनीचं पेन थांबलं. “उर्वी कुठाय?”

“एसटीत. सकाळी निघालीय पुण्याहून. साडेबाराला फोन आला होता तिचा.”

“काय सांगितलंत?”

“डॉक्टर बघतायत म्हटलं.” त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. “एकटी पोर प्रवासात. घरी आली की सांगू, हातपाय धुतल्यावर.”

मनस्विनीने कागद मुकुलच्या टेबलावर ठेवला, पण त्यावरचा हात काढला नाही.

“काका, कुलूप लावते. उद्या साडेआठपर्यंत. मी हे पुन्हा कुणासाठी करणार नाही आणि आज केल्याचं मला बरं वाटणार नाही, पण लावते. आधी उर्वीला फोन करा.”

“आत्ता?”

“आत्ता. माझ्यासमोर.”

“अगो, रडायला लागली बसमध्ये तर?”

“रडेल. तुमच्या दारात तिरडी बघून रडण्यापेक्षा बसमध्ये रडलेली बरी. निदान कुणी खोटं बोललं नाही एवढं तरी तिच्याकडे राहील.”

देवदत्तांनी फोन लावला. बराच वेळ वाजला. “हां, उर्वी. कुठे आलीस? मलकापूर सोडलं? जेवलीस का काही?” मग ते ऐकत राहिले. “आजी ना... हो, आहे तशीच... म्हणजे डॉक्टर आत्ताच...”

मनस्विनीने हात पुढे केला. त्यांनी फोन दिला. भरलेली घागर दुसऱ्याच्या हाती द्यावी तसा, सांभाळून.

“उर्वी, मी मनस्विनी ठोसर बोलतेय, ‘गलबत’मधून. तुझे बाबा इथे माझ्याजवळ आहेत.”

पलीकडे बसची घरघर होती. “पेपरमधून? बाबा तिथे कशाला?”

मनस्विनीने ओठ उघडले आणि क्षणभर तिला वाटलं, देवदत्तकाकांनी केलं तेच करावं. सोपं होतं ते. प्रेमाचंही होतं. आतेभावाला बेचाळीस दिवस ती मनातल्या मनात जे ऐकवत होती, त्यातलं बरंचसं या एका क्षणात सैल झालं.

“उर्वी, आजी गेल्या. सकाळी सव्वाअकराला. झोपेत गेल्या. तुझे बाबा जवळ होते.”

“पण बाबा साडेबाराला म्हणाले...”

“हो. त्यांना सांगवलं नाही.”

“सव्वाअकराला मी साताऱ्याला चहा घेत होते.” ती हे दोनदा म्हणाली. “थांबणार आहेत ना माझ्यासाठी?”

मनस्विनीने देवदत्तांकडे पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान जोरात हलवली. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

“थांबणार आहेत. कितीही उशीर झाला तरी. तू आल्याशिवाय हलवणार नाहीत.”

“बरं.”

“बाबांशी बोलतेस?”

“नको. आत्ता नको.” श्वास तुटत आला. “तुम्ही फोन ठेवू नका. मला काही बोलायचं नाहीय. पण ठेवू नका.”

“नाही ठेवत.”

मुकुलने पडद्याकडे बोट करून भुवया उंचावल्या. मनस्विनीने मान हलवून हो म्हटलं, आणि त्याने बातमी कुलूप लावून सोडली. तीन वाजून सतरा मिनिटं. ती फोन कानाला लावून उभी राहिली. पलीकडे उर्वी रडत होती, आवाज न करता, मधूनमधून नाक ओढत. गाडी कुठेतरी थांबली, दार आपटलं, आणि कंडक्टर ओरडला, “आंबा! आंब्याचं कोण आहे, उतरून घ्या.”

“घाट लागेल आता,” उर्वी म्हणाली. “आवाज जाईल.”

“गेला तर मी पुन्हा लावते,” मनस्विनी म्हणाली.