खऱ्याने उभं राहावं

टेपा भाजायला ठेवल्यात असं मी फोनवर म्हटलं की आईला हसू यायचं. "घरात साधा चहा ठेवायचा तुला कंटाळा, आणि ऑफिसात जाऊन टेपा भाजतेस!"

पण ते खरंच आहे. जुन्या टेपा वर्षानुवर्षं पडून राहिल्या की चिकट होतात. तशाच मशीनमध्ये घातल्या तर किंचाळतात, आणि वरचा थर खरवडून निघतो. मग चित्रही गेलं आणि आवाजही. म्हणून त्या आधी कपाटाएवढ्या भट्टीत मंद आचेवर आठ तास ठेवायच्या, थंड होऊ द्यायच्या आणि एकदाच, न थांबवता चालवून नवी प्रत काढून घ्यायची. टीव्ही केंद्राच्या टेप लायब्ररीत, तळघरातल्या खोलीत, बावीस वर्षं मी हेच करते आहे.

त्या महिन्यात एका जुन्या खेळाच्या कार्यक्रमाच्या पेट्या आल्या होत्या. 'तिघांतला खरा'. एकाच रंगाचे कोट घातलेली तीन माणसं ओळीने बसायची आणि तिघंही एकच ओळख सांगायची. मी वैमानिक. मीही वैमानिक. आणि मीही. त्यातला एक खरा, दोन तोतये. चार परीक्षक आडवेतिडवे प्रश्न विचारायचे, आपापला अंदाज सांगायचे, आणि शेवटी सूत्रसंचालक हात पसरून म्हणायचा, "खऱ्याने उभं राहावं!" मग तिघंही उठल्यासारखं करायची, बसायची, प्रेक्षक ओरडायचे, आणि एक जण उभा राहायचा.

मी कार्यक्रम बघत नाही, खरं तर. माझं लक्ष आवाजाच्या काट्यावर आणि चित्रातल्या रेघांवर असतं. त्या बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला पाचवी टेप लावली आणि मान खाली घालून वहीत वेळ लिहीत होते. या भागात तिघंही दीपगृहाचे रखवालदार होते. पहिल्याने ओळख सांगितली. मग दुसरा आवाज आला, "मी दीपगृहाचा रखवालदार आहे."

माझं पेन थांबलं. वर पाहिलं.

क्रमांक दोनच्या टेबलामागे दादा बसला होता.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. तो एकोणीस वर्षांचा असताना मित्रांबरोबर तलावावर पोहायला गेला. मित्र परत आले, तो आला नाही. चौथ्या दिवशी बाबांना बोलावणं आलं. बाबा एकटे गेले, प्रेत ओळखून आले, आणि आईला नि मला जवळ जाऊ दिलं नाही. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. टेपेच्या डब्यावरची तारीख मी पुन्हा पाहिली. त्यानंतर दोन वर्षं आणि दोन महिन्यांची होती.

पहिल्यांदा मी स्वतःलाच दटावलं. माणसासारखा माणूस असतो. पण डाव्या भुवईत ती रेघ होती, झोपाळ्याची कड लागून पडलेली. मान किंचित एका बाजूला टाकून ऐकायची ती सवय होती. आणि केस ओले होते. नुसते तेल लावलेले नव्हेत. दिव्यांच्या त्या उजेडात बाकी दोघांची कपाळं घामाने चमकत होती. याच्या कानामागून पाण्याची धार कॉलरमध्ये उतरत होती.

सूत्रसंचालकाच्याही ते लक्षात आलं. त्याने खिशातून रुमाल काढून पुढे केला. "क्रमांक दोन, तुम्ही पोहतच आलात वाटतं!"

प्रेक्षक खो खो हसले.

"हो," दादा म्हणाला. रुमाल त्याने घेतला नाही.

भाजलेली टेप मध्येच थांबवायची नसते. दुसऱ्यांदा ती चालेलच याची खात्री नसते. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिले.

एका परीक्षकाने विचारलं की दिवा बंद पडला तर आधी काय करायचं. दादाला ते धड सांगता आलं नाही. मग नटी असलेल्या परीक्षक बाईंनी लाडिक आवाजात विचारलं, "इतकं एकटं राहता, तर कुणाची आठवण येते हो?"

"धाकट्या बहिणीची," तो म्हणाला. "जिना चढताना ती मोठ्याने पायऱ्या मोजते. सतरा आहेत. ती अठरा म्हणते. उंबरठासुद्धा मोजते ना."

पुन्हा हशा झाला. काट्याने उसळी घेतली. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला आणि तो गेलाच नाही.

शेवटी "खऱ्याने उभं राहावं" झालं. दादा अर्धवट उठला, बसला. क्रमांक तीन उभा राहिला, टाळ्या पडल्या. मग तोतयांना आपली खरी नावं सांगायची होती. पहिला गणिताचा मास्तर निघाला. दादाने कानाची पाळी चिमटीत धरली आणि एक नाव सांगितलं. "शिवणकाम करतो," असंही म्हणाला. ते नाव त्याचं नव्हतं. श्रेयनामावली चढू लागली तरी तो कॅमेऱ्याकडेच बघत होता.

मी वरच्या मजल्यावर फायलींच्या काकांकडे गेले. काका निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण कुठला कागद कुठे आहे ते दुसऱ्या कुणालाच माहीत नसल्यामुळे त्यांना परत बोलावलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"अगं, एका चेहऱ्याची सात माणसं असतात म्हणतात."

"आणि सातांच्या सात बहिणी उंबरठा मोजतात का, काका?"

ते उठले. शिडी लावून वर चढले आणि अर्ध्या तासाने फाईल घेऊन खाली आले. त्या भागातल्या तिघांचे अर्ज होते. क्रमांक दोनच्या अर्जावर टेपेत सांगितलेलंच नाव होतं, धंदा शिवणकाम, खाली पत्ता. कोपऱ्यात फोटो चिकटवलेला. जाड मिश्यांचा, रुंद जबड्याचा माणूस होता तो. मी काकांना खाली नेलं आणि नव्या प्रतीवर क्रमांक दोन दाखवला. काकांनी चष्मा काढून पुसला, फोटो पडद्याशेजारी धरला, परत चष्मा पुसला.

"हा तो नव्हे," ते म्हणाले. "याला आत सोडला कुणी?"

शनिवारी दुपारी मी त्या पत्त्यावर गेले. इतक्या वर्षांनी कोण असणार, असं वाटत होतं. पण तळमजल्यावर शिवणयंत्र चालू होतं, आणि त्यावर वाकलेल्या म्हाताऱ्याचा जबडा अजून तसाच रुंद होता. मिश्या पांढऱ्या झाल्या होत्या. मी कार्यक्रमाचं नाव घेतल्याबरोबर त्याचा पाय थांबला.

"मी गेलोच नव्हतो, बाई," तो म्हणाला.

"पण अर्ज तर तुमचा आहे."

"अर्ज केला होता. हौस होती. पण नेमका त्या दिवशी गाल सुजून टम्म, तोंड उघडेना. म्हणून ताईला निरोप द्यायला पाठवलं. थोरली बहीण माझी, आता नाही ती." त्याने मला समोरच्या स्टुलावर बसायला सांगितलं. "परत आली ती पांढरीफटक. म्हणाली, तू तर तिथे बसलायस."

"त्या तुम्हाला ओळखत नव्हत्या का?"

"ओळखत नव्हती कशी! चेहरा दुसराच होता. पण नाव माझं सांगत होता, नि कोट माझ्या मापाचा त्याला ढगळ होत होता. दारावरची माणसं म्हणाली, शिंपी कधीच आत गेले. मग ही धीर करून त्याच्या जवळ गेली. विचारलं, तुम्ही कोण? माझ्या भावाच्या जागेवर का बसलात?"

"मग?"

त्याने कापडावरचा खडू बोटाने पुसला. "म्हणाला, थोडा वेळ बसू द्या. घरचे बघतील."

मला त्याच्याकडे बघवेना. बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"ताई काही बोलली नाही कुणाला," तो म्हणाला. "तिचं मन झालं नाही. मात्र एक सांगायची. त्याच्या खुर्चीखाली ओल होती. फरशीवर. कार्यक्रम संपल्यावर झाडूवाली बाई बडबडत पुसत होती, आणि तो नव्हता. कुणी बाहेर जाताना पाहिला नाही."

मी निघाले तेव्हा तो दारापर्यंत आला. "तुमचा कोण?"

"भाऊ."

"बरं," तो म्हणाला, आणि मग जरा थांबून, "माझं नाव त्याने वापरलं त्याचं मला काही नाही हो."

आईला सांगावं की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. आई एक्क्याऐंशी वर्षांची. बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती. उगाच जुनं उकरून तिला काय मिळणार? पण सोमवारी संध्याकाळी तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "काय गिळून बसली आहेस ते ओक." मी सगळं सांगितलं. ओले केस, पायऱ्या, शिंपी, सगळं.

मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर माझ्यावरच ओरडेल. तिने हातातला पेला खाली ठेवला.

"रखवालदाराचं ना?" ती म्हणाली. "आम्ही पाहिलं होतं ते."

"कधी?" मी विचारलं.

"तू मावशीकडे राहायला गेली होतीस. आम्ही दोघं जेवत होतो. तो दिसला. मी हाक मारली त्याला, टीव्हीला. तुझे बाबा उठले आणि बटण बंद केलं. म्हणाले, मी माझ्या डोळ्यांनी ओळखून आलोय. मी म्हटलं, काय ओळखलंत? तेव्हा पहिल्यांदा बोलले. चेहरा ओळखण्यासारखा राहिलाच नव्हता. शर्ट ओळखला, म्हणाले. खिशाला मी रफू केलेलं होतं ते." तिने खाली ठेवलेला पेला बाजूला सरकवला. "दुसऱ्या दिवशी त्यांनी टीव्ही कुणाला तरी देऊन टाकला. मला चांगलं बजावलं, पोरीला यातलं काही कळता कामा नये."

"तू केंद्रात विचारायला का नाही गेलीस, आई?"

"गेले होते की. जिन्यापर्यंत. मग वाटलं, तो जिवंत असेल तर घरी का येत नाही? आणि नसेल तर मी विचारणार काय?" तिने पदराने तोंड पुसलं. "दोन्हींतलं कुठलं बरं, ते मला तेव्हा ठरवता आलं नाही. अजूनही येत नाही."

मंगळवारी दुपारी मी तिला ऑफिसात घेऊन गेले. फायलींच्या काकांनी स्वतःची गादीची खुर्ची खाली आणून दिली आणि न सांगता बाहेर जाऊन उभे राहिले. मी प्रत लावली. आई पुढे वाकून बसली होती, दोन्ही हात पर्सवर. तो दिसला तशी ती पुटपुटली, "वाळलाय." बाकी काही नाही. रुमालाच्या विनोदावर प्रेक्षक हसले तेव्हा मात्र तिने त्यांच्याकडे, म्हणजे पडद्याकडे, असं काही पाहिलं की समोर असते तर गप्प बसले असते.

"इथे बंद केला होता त्यांनी," पायऱ्यांच्या उत्तराआधीच ती म्हणाली. "पुढचं मला माहीत नाही. चालू दे."

माझं नाव त्याने घेतलं नव्हतं, तरी पायऱ्यांचं ऐकून आईने माझा दंड धरला. बोटं बर्फासारखी गार होती. शेवटी तो खोटं नाव सांगताना कानाची पाळी धरून बसला, तेव्हा ती एकदम हसली.

"थाप मारतोय."

श्रेयनामावली चढू लागली. तो अजून आमच्याकडे बघत होता. आई खुर्चीतून उठली, पडद्याच्या अगदी जवळ गेली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "हो रे. बसलोय आम्ही इथेच." तिच्या श्वासाने काच धुरकट झाली. मला क्षणभर वाटलं की आतून झाली. मी पाऊल मागे घेतलं, हे कबूल करते. आईने घेतलं नाही.

बाहेर आल्यावर काकांनी तिला पाणी दिलं. तिने काकांना विचारलं, "हे असं अजून कुणाचं आलंय का तुमच्याकडे?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "विचारायला कुणी आलं नाही, वहिनी," ते म्हणाले.

त्या मालिकेच्या आणखी सात पेट्या होत्या. मी प्रत्येक भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. स्पर्धक, प्रेक्षक, कडेला उभे असलेले दिवेवाले, सगळ्यांचे चेहरे. दादा पुन्हा कुठेच नव्हता. एका भागात मागच्या रांगेतल्या मुलीचे केस ओले दिसले. मी चित्र गोठवून बराच वेळ तिच्याकडे पाहत बसले. ती हसत नव्हती. कोण होती कोण जाणे. मी तो भाग, मिनिट आणि सेकंद लिहून काकांना दिला. त्यांनी कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर तो उतरवून घेतला.

आईचा रोज सहाला फोन यायचा. "आज?"

"आज नाही, आई."

शेवटची पेटी संपली त्या दिवशीही मी तेच सांगितलं. तिने 'बरं' म्हटलं. मग म्हणाली, "त्या शिंप्याला एकदा घरी बोलाव. त्याच्या बहिणीने माझ्या पोराला उठवलं नाही जागेवरून."

पुढच्या रविवारी तो आला. नवा सदरा घालून, अवघडून दारात उभा राहिला. आईने त्याला आत बोलावून बसवलं, आणि दोघं संध्याकाळपर्यंत बोलत होती. ती दादाबद्दल सांगत होती, तो ताईबद्दल. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. दादाबद्दलच्या त्यातल्या निम्म्या गोष्टी मी पहिल्यांदाच ऐकल्या.