भट्टीतून आलेला डबा

रचनाचं लग्न झालं त्या साली, म्हणजे २०२३ला, तिचा भाऊ रविराज उद्यमबागेतल्या आपल्या शेडमध्ये एक अजब डबा बनवत होता. माणसाच्या हृदयाचं चुंबकत्व मोजायचं यंत्र त्यात बसणार होतं. हृदयाचं चुंबकत्व इतकं क्षीण, की रस्त्यानं ट्रक गेला तरी मोजणी बिघडायची. म्हणून बाहेरचं चुंबकत्व आत येऊ नये असे खास पत्र्याचे, एकात एक तीन डबे. आराखडा रविराजचा, पत्रा वळवला वडिलांनी, भावकू लोहारांनी. कोपरे असे गोल, की बोट फिरवावं आणि फिरवतच राहावं.

मग डबे बंगळूरच्या भट्टीत जाऊन आले. त्या तापानं पत्र्याला चुंबकत्व अडवायचा गुण येतो, पण पुढं त्याला ठोका सोसत नाही. रविराजनं हे सगळ्या कामगारांना बजावलं. आप्पांना, म्हणजे वडिलांना, सांगायचं तेवढं राहिलं. त्यांना पत्र्यातलं आपण काय सांगायचं, असं त्याला वाटलं.

खंडेनवमीला भावकूंनी हत्यारं पुजली, डब्यालाही हळदकुंकू वाहिलं. नारळ फोडताना हातातून निसटला आणि डब्यावर आपटला. पोचा आला. पोराच्या जिवाला घोर नको, म्हणून त्यांनी लाकडी मोगरीनं हळूहळू ठोकून तो काढला. पोचा कुठं होता ते शोधून सापडलं नसतं.

मोजणीत डबा नापास झाला. भावकूंनी आपणहून सगळं सांगितलं.

"आप्पा, तुमचा हात लागला आन् डबा मेला," रविराज चार माणसांत बोलला.

"मग न्हाय लावत आता," म्हणून त्यांनी मोगरी ठेवली आणि ते खासबागेत घरी गेले.

डबा परत भट्टीत घातला. त्याचा गुण होता तसा परत आला. पुढच्या कामाचा पत्राही येऊन पडला. वळवायला आप्पांसारखा हात दुसरा नव्हता. भावकू मात्र शेडकडं फिरकले नाहीत. आई, मालुबाई, रोज टोचायची.

"तू बोल की रं आधी. का त्यांनी तुझ्या पाया पडायचं?"

संक्रांतीला तिळगूळ देताना बोलू, असं रविराजनं ठरवलं. एकाच घरात राहून त्याला सणाची वाट बघावी लागली.

भावकू लोहार १४ जानेवारी २०२४ला, संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी, वारले.