कान बाकाला होते

"सिस्टर, न खाण्याचा खराच आजार असतो, की ते नुसते नखरे?"

हा प्रश्न केलेराने आपणहून विचारला नव्हता. बाहेरच्या बाकावर बसलेल्या मैत्रिणींनी पैज लावली होती, हिंमत असेल तर विचारून दाखव. तिने विचारला आणि अख्खा बाक खिदळला. पण मित्रांनो, तिची मूठ तेव्हा माझ्या काठाला होती आणि ती मूठ काही हसत नव्हती. माझ्या चुण्या चुरगळून गेल्या होत्या.

मी एक जुना पडदा आहे. समुद्रातल्या आमच्या बेटांवरच्या सुवा शहरात, एका कॉलेजच्या दवाखान्यात, तपासायच्या खाटेभोवती टांगलेला. मूळचा मी निळ्या कापडाचा तुकडा, अंगावर पांढरी कासवं. सिस्टर लोसालिनींच्या आईने पायाच्या मशीनवर मला शिवलं, वर कड्या लावल्या. मी लागलो त्या दिवशी जो तो म्हणाला, आता कशी खोलीला शोभा आली! पंखा बंद होता, तरी मी फुगलो.

काय काय झाकलं मी! रग्बीत खांदा निखळलेले धिप्पाड गडी सुई बघून माझ्याआड मुळूमुळू रडले आणि छाती काढून बाहेर गेले. कोणाला सांगितलं मी? छे. सिस्टर प्रत्येकाला म्हणायच्या, "पडद्याच्या आत ये, इथलं इथेच राहील." माझ्या जिवावर दिलेलं वचन होतं ते. मला मात्र कोणी विचारलं नाही, की बाबा रे, तू पडलास कापड, तुझ्यातून आवाज आरपार जातो, तुला झेपेल का?

त्या वर्षी सिस्टर प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला खाण्याबद्दलही विचारू लागल्या होत्या. ताट समोर आलं की भीती वाटते का, खाल्ल्यावर स्वतःचा राग येतो का, असं. मुलं हसत. हसतील नाही तर काय! इथे दारावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालासुद्धा 'या, जेवायला या' अशी हाक मारतात. तिथे जेवणाला घाबरणार कोण? आणि एखादी पोरगी सुकलीच, तर लोक तिला काही म्हणत नाहीत, तिच्या आईला नावं ठेवतात.

केलेरा तर सुकलेलीही नव्हती. भरल्या गालांची, चर्चमध्ये गाताना सगळ्यांच्या वर आवाज लावणारी. हिला कसला आजार, असंच बाकाला वाटलं.

सिस्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "खराच असतो. आणि अंगाकडे बघून तो ओळखू येत नाही. तुला का विचारावंसं वाटलं?"

केलेरा हळूच बोलू लागली. जेवणाची घंटा झाली की ती ग्रंथालयात जाऊन लपते. मग कधीतरी चोरून खाते, आणि खाल्लं की स्वतःची इतकी चीड येते की आरशावर टॉवेल टाकून ठेवते. एवढं सांगून तिने मला आणखी घट्ट धरलं. "सिस्टर, माझ्या आईला कळू देऊ नका. लोक म्हणतील, हिला घरी कोणी खायला घातलं नाही."

बाहेरचं खिदळणं थांबलं होतं. बाकाच्या टोकाला उनाइसी बसली होती, केलेराची सख्खी मामेबहीण. तिने शब्द न् शब्द ऐकला.

पुढचं मला केलेराच्या रडण्यातून कळलं. त्याच संध्याकाळी भरल्या जेवणघरात उनाइसी उठून म्हणाली, "अळकुडीला खाज असते हे ठाऊक होतं, दातही असतात हे आमच्या केलेराकडून कळलं. चावते म्हणे हिला." सगळ्या पंक्ती हसल्या. आता इथली रीत अशी, की आते-मामे भावंडांनी एकमेकांची टर उडवायची, तो त्यांचा हक्कच. त्यावर रागावायची सोय नाही. म्हणून केलेरालाही हसावं लागलं. ज्या गोष्टीने तिचा जीव जात होता, तिच्यावर ती सगळ्यांसोबत हसली, मित्रांनो.

आणि दोष कोणाला? मला! दवाखान्यातल्या पडद्याला कान आहेत, असं कॉलेजभर झालं. अरे, कान बाकाला होते. त्या दिवसापासून सिस्टरांच्या प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर येऊ लागलं, नाही. भीती वाटते? नाही. राग येतो? नाही. सगळे कसे ठणठणीत! सिस्टरांनी मला सुतळीने खिडकीच्या गजाला बांधून टाकलं. ज्यांची गुपितं जपली, त्यांतला एकही माझ्या बाजूने बोलला नाही.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, कापडावर सगळा भार टाकू नका. आत कोणी बोलत असेल, तर बाकावरून उठून जरा लांब जा. आणि कानावर पडलंच, तर त्याचा विनोद करू नका. पडदा फाटला तर शिवता येतो.

बातमी अर्थातच बोटीतून कंदावू बेटावर पोचली, आणि तिथून केलेराचे आईबाबा आले. बाबांनी दवाखान्यात येतानाच वसतिगृहातून तिची पेटी भरून आणली होती; ती उचलून उनाइसी मागे उभी होती, मान खाली. आईच्या हातात कडू पाल्याच्या रसाची बाटली. जिभेची चव गेली, अन्न नको झालं, की इथले लोक म्हणतात 'माथाके' झाला, आणि हा रस देतात.

"माथाकेच आहे हा," आई सिस्टरांना सांगत होती. "दुसरं काही नाही. गावात मला विचारतात, पोरीला उपाशी ठेवलंस का. केलेरा, घोट घे आणि घरी चल."

बाबा म्हणाले, "बोट दुपारी सुटते. चला."

सिस्टरांनी सुतळी सोडून मला ओढायला हात घातला. केलेराने तो हात धरला. "राहू द्या सिस्टर. उनाइसीलाही ऐकू द्या, या वेळी नीट ऐकू द्या."

मग तिने आईच्या हातातली बाटली घेतली.

"आई, तू एवढ्या लांबून आणलास म्हणून हा रस मी पिईन. पण हा माथाके नाही. बाबा, मी बोटीत बसणार नाही. मी इथेच राहणार, सिस्टर पाठवतील त्या डॉक्टरांकडे जाणार. आणि कोणीही विचारलं, तर सांगणार, की माझ्या आईने मला नेहमी पोटभर वाढलं. आजारी मी आहे, आमचं घर नाही."