आजीसाठी हलकी काडतुसं

मुलांनो, जरा माझ्याबरोबर कल्पना करा. टेबलावर एक पितळी पुंगळी उभी आहे, तुमच्या करंगळीच्या दोन पेरांएवढी. तिच्या बुडात एक टिकली बसवलेली आहे. तिच्यावर टोला बसला की ठिणगी पडते. टिकलीच्या वर चिमूटभर बंदुकीची दारू आणि तोंडाशी बुचासारखी घट्ट बसवलेली शिशाची गोळी. झालं काडतूस. दारू जास्त तर धक्का जास्त, दारू कमी तर धक्का कमी. एवढंच असतं तर नेकानेच्या आजोबांनी त्या आठवड्यात डोक्यावरची टोपी काढून तीनदा जमिनीवर आपटली नसती.

आमच्या ओवायही डोंगरांच्या पायथ्याशी समुद्रापलीकडून येऊन वसलेल्या बास्क मेंढपाळांची घरं आहेत, त्यातलंच एक नेकानेचं. तिची आजी बेगोन्या दर उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन वर जाते आणि थंडी पडेपर्यंत चाकांवरच्या लाकडी खोलीत राहते. या वर्षी नेकानेही पहिल्यांदाच तिच्याबरोबर जाणार होती. पण हिवाळ्यात आजी बर्फावरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, जोर काही परत आला नाही. तेव्हा नेकानेच्या वडिलांनी, इन्याकीने, सांगून टाकलं, की वर डोंगरी सिंह, तो बिबट्याएवढा बिनआयाळीचा शिकारी, फिरतोय. आजीने रविवारी त्याच्यासमोर लोखंडी ताटावर पाच गोळ्या नीट मारून दाखवल्या तर दोघींनी जावं, नाहीतर मेंढ्या दुसऱ्या कुणाबरोबर जातील.

आजीचं रिव्हॉल्व्हर हलकं होतं. दिवसभर कमरेला असलं तरी जाणवायचं नाही, पण झाडलं की हातात उसळायचं. रिकामी खुर्ची ढकलली तर लांब जाते आणि भरलेलं कपाट जागचं हलत नाही, तसंच हे. दुकानातल्या काडतुसांनी आजीचं मनगट सुजायचं. म्हणून फेर्मिन आजोबा गोठ्यामागच्या खोलीत स्वतः काडतुसं भरायला बसले. पुस्तकात दिलेली सगळ्यात कमी दारू त्यांनी घेतली आणि त्याखाली ते कणभरही गेले नाहीत. दारू फारच कमी पडली तर गोळी नळीतच अडकते, आणि तिच्यामागून दुसरी सुटली तर नळी फुटते. नेकानेला दारूला हात लावायची परवानगी नव्हती. जमिनीवर खडूची रेघ ओढलेली होती. रेघेच्या अलीकडे स्टुलावर बसायचं आणि आजोबा दारू मोजत असताना तोंड उघडायचं नाही.

काडतुसं तयार झाली. आजोबांनी मातीच्या बांधासमोर उभं राहून मारून पाहिली. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. मग आजीने मारली. एक ठण्ण, एक फुस्स. फुस्स झालं की गोळी ताटाखाली मातीत जायची, आणि आजोबा हात वर करून थांबवायचे, रिव्हॉल्व्हर रिकामं करून नळीत काही अडकलंय का ते बघायचे. अडकलेलं काहीच नसायचं.

"हात कापतोय तुझा," आजोबा म्हणाले.

"हात नाही रे, तुझी काडतुसं कापतायत. एक लाथ मारतं, दुसरं खोकतं."

आजोबांनी तराजू पुसला, पुन्हा मोजून नवी काडतुसं भरली. तीच गत. टिकल्या बदलल्या. तीच गत. टोपी तिसऱ्यांदा धुळीत गेली तेव्हा आजी म्हणाली की टोपीच भरून बघ आता, ती तरी सरळ जाईल.

नेकानेने मात्र एक गोष्ट पाहिली होती. आजोबा प्रत्येक वेळी नळी आधी बांधाच्या वरच्या कडेकडे उचलत आणि मग खाली ताटावर आणत. त्यांची जुनी सवय. आजीचं मनगट दुखायचं, म्हणून ती दोन गोळ्यांच्या मध्ये हात खाली सोडायची, नळी जमिनीकडे. आणि फुस्स व्हायचं ते त्यानंतरच. नेकाने हे सांगायला गेली तेव्हा आजोबा दारू मोजत होते. दुसऱ्यांदा गेली तेव्हा त्यांनी नुसतं बोट वर केलं. आजीला सांगायला गेली तर आजी म्हणाली, तुझ्या आजोबांची वकिली माझ्याकडे करू नकोस. पोरीकडे उत्तर तयार होतं, पण ते सांगायला कुणी जागाच देत नव्हतं.

शनिवारी दुपारी मटणाचं आणि घेवड्याचं सूप होतं. टेबलावर काचेची मीठदाणी, तळाशी जेमतेम मीठ. नेकानेने मीठदाणीचं तोंड तळव्याने झाकलं, ती उलटी केली आणि हळूच आडवी ठेवली. सगळं मीठ तोंडाशी. मग ती सरळ उभी केली आणि पुन्हा आडवी ठेवली. सगळं मीठ बुडाशी.

"मिठाशी खेळू नकोस," आजी म्हणाली.

"ही मीठदाणी नाही, तुझं काडतूस आहे. हात खाली सोडलास की दारू पुढे जाते. टिकली मागे असते."

आजोबांचा चमचा वाटीतच राहिला. ते उठले, गोठ्यामागे गेले आणि त्यांनी एक काडतूस कानाशी धरून हलवलं. लांब पुंगळीत चिमूटभर दारू सळसळत होती. ठिणगीजवळ असली तर एकदम पेट घेणार, लांब सरकली तर रडतखडत.

तिघं बांधाकडे गेली. आजीने नळी आधी वर उचलली, मग ताटावर आणली. ठण्ण. पुन्हा तसंच. ठण्ण. आजोबा हसले. पण आजीने रिव्हॉल्व्हर रिकामं करून पिशवीत घातलं.

"आणि सिंह समोर आला की काय सांगू त्याला? थांब बाबा, मला आधी आभाळाकडे बघायचंय?"

यावर कुणाला हसू आलं नाही, कारण ती बरोबर बोलत होती. उपाय आजोबांना माहीत होता. फळीवर सपाट तोंडाच्या गोळ्यांचा डबा होता. त्या पुंगळीत खोल, पार काठापर्यंत बसतात, मग दारूला सरकायला जागाच उरत नाही. त्यांच्यासाठी दारूचं माप वेगळं, तेही पुस्तकात होतं. पण घरात होत्या तेवढ्या सगळ्या पुंगळ्या आधीच भरलेल्या. प्रत्येक काडतूस हातोडीच्या पोकळ डोक्यात घालून, गोळी झटक्याने सुटून येईपर्यंत ती हातोडी ठोकत राहायची, दारू टाकून द्यायची, आणि सगळं पहिल्यापासून. उद्या रविवार.

आजोबा खोलीत येऊन बाकावर बसले. "बास झालं," ते म्हणाले. "चौथ्यांदा नाही. इन्याकीला सांगतो, पाठव दुसऱ्याला."

आजी दारात उभी होती. ती डाव्या हाताने उजवं मनगट चोळत होती.

नेकाने खडूच्या रेघेपर्यंत आली आणि थांबली. खुंटीवरचा आजोबांचा संरक्षक चष्मा रेघेच्या अलीकडेच होता. तिने तो काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि हात लांब करून त्यांच्या नाकावर ठेवला, जरा वाकडाच. शेजारची हातोडी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली. मग ती आपल्या स्टुलावर जाऊन बसली, मोकळ्या पुंगळ्यांसाठी मांडीवर रिकामा ट्रे घेतला, आणि तोंड घट्ट मिटलं.